ईमेलच्या अलर्टनं रात्रभर फोन वाजायलाय. खोटे अलर्ट कमी कसे करायचे?

जालन्याचा_मेलवाला · सकाळी ९:१०

नमस्कार मंडळी. जालन्यात एका बियाणे कंपनीत डीलरांना जाणाऱ्या मेलचं काम बघतो. खरिपाच्या आधी भावपत्रक, वाणांची माहिती, शिल्लक साठा. एरवी बिलं आणि ऑर्डरची पोच. यादी काही हजारांची, बहुतेक मराठवाड्यातली कृषी सेवा केंद्रं. मोहीम दिवसा जाते, बिलं मात्र रात्री थोडीथोडी सुटत राहतात.

मेल पाठवायचं सॉफ्टवेअर विकतचं आहे. त्याचे अलर्ट टेलिग्रामच्या ग्रुपवर जोडलेत. दर पाच मिनिटांनी तपासणी होते, बाऊन्स (न पोचता परत आलेले मेल) ५ टक्क्यांच्या वर गेला की मेसेज. रात्री एक वाजता हे असं येतं:

"गंभीर! बाऊन्स रेट १०.०%. मर्यादा ५%. ताबडतोब लक्ष द्या."

उठून लॅपटॉप उघडावा तर पाच मिनिटांत दहा मेल गेलेत, त्यातला एक परत आलाय. कुण्या डीलरनं आयडी देताना 'जीमेल'चं 'जीमल' करून ठेवलेलं. यात ताबडतोब काय लक्ष देणार, सांगा. शिवाय ओपन रेट (किती जणांनी मेल उघडला) घसरला, क्लिक अचानक वाढले, आयपी (आमच्या सर्व्हरचा पत्ता) ब्लॅकलिस्टवर, म्हणजे स्पॅमवाल्यांच्या यादीत गेला, हे बाकीचे प्रकार आहेतच. ग्रुपमधल्या सगळ्यांनी ग्रुप म्यूट करून टाकलाय. साहेब म्हणायलेत, मर्यादा सरळ १५ टक्के करा. मला ते पटेना, पण का पटेना हे त्यांना सांगताही येईना. तुमच्याकडे काय करतात?

परभणी_पॅसेंजर · ९:३२

१५ करा अन् निवांत झोपा राव. साहेब पण खूश.

चिकलठाणा_कोडर · १०:०५

नका करू. १५ केल्यावर दोन्हीकडून मार बसेल, आकडे मांडून दाखवतो.

समजा तुमचा नेहमीचा बाऊन्स २ टक्के आहे. काहीही बिघडलेलं नाही. रात्री पाच मिनिटांत दहा मेल जातात. दहातला एकही परत न येण्याची शक्यता साधारण ८२ टक्के. म्हणजे उरलेल्या १८ टक्के वेळा किमान एक तरी परत येणार, आणि दहात एक आला की झाले १० टक्के. वाजला अलर्ट. दर पाच मिनिटांनी १८ टक्के म्हणजे जवळजवळ दर अर्ध्या तासाला एक खोटा अलर्ट, आणि तोही सगळं सुरळीत चालू असताना!

आता साहेबांचे १५ टक्के घ्या. दहात दोन परत आले तरच वाजेल. त्याची शक्यता १.६ टक्के. दिवसात २८८ तपासण्या होतात. सगळा दिवस असाच थेंबथेंब मेल गेला तर चार-पाच खोटे अलर्ट तरीही येणारच. आणि दिवसा तुम्ही ४,००० डीलरांना भावपत्रक पाठवलं, त्यातले ४०० परत आले, तर ते होतात १० टक्के. १५च्या खाली. फोन गप्प. चारशे मेल बुडाले आणि कुणाला पत्ता नाही.

गडबड मर्यादेत नाहीये, किती मेलवर टक्का काढताय त्यात आहे. वेळेची खिडकी सोडा, मेलच्या संख्येची धरा. 'शेवटचे ५०० मेल' असा हिशोब ठेवा, मग ते दहा मिनिटांत गेलेले असोत की चार तासांत. ५००मध्ये २ टक्क्यांनी १० परत येणं साहजिक आहे, नशिबानं कधी १५-१६ येतील. २५ ओलांडले तर खरंच काहीतरी झालंय. आणि रात्री सगळंच बंद पडलं, एकूण एक मेल परत यायला लागला, तरी पाव तासात २५ भरतात. उशीर होत नाही.

अमेझॉनची एसईएस सेवा पण बाऊन्सचा दर ठरलेल्या तासांवर काढत नाही, तुमच्या पाठवण्याच्या प्रमाणात पुरेशा मेलवर काढते. ५ टक्क्यांना खातं तपासणीखाली घेते, १०ला पाठवणंच थांबवू शकते. म्हणजे तुमची सेवा त्या पद्धतीची असेल तर साहेबांचा अलर्ट वाजायच्या आत खातं बंद.

परभणी_पॅसेंजर · १०:११

बरं, नका करू १५ 😀

जालन्याचा_मेलवाला · १०:२४

४,०००चं उदाहरण साहेबांना जसंच्या तसं दाखवतो. पण आमच्या सॉफ्टवेअरमध्ये 'शेवटचे ५०० मेल' असा पर्याय दिसेना. मिनिटं आणि टक्के, एवढेच दोन रकाने आहेत.

चिकलठाणा_कोडर · १०:४०

मग वेबहुक घ्या. प्रत्येक मेलचं काय झालं ते सॉफ्टवेअर तुमच्या सर्व्हरकडे पाठवतं, हिशोब तुम्ही करायचा. पन्नास-साठ ओळींचा कोड आहे. तोवर निदान तपासणी पाच मिनिटांऐवजी एका तासाची करा आणि आतले 'गंभीर' अलर्ट रात्री बंद ठेवा.

अजून एक. वाजायची आणि शांत व्हायची मर्यादा वेगळी ठेवा. ५ला वाजला तर ३च्या खाली आल्यावरच 'निवळलं' म्हणायचं. नाहीतर ४.९, ५.१, ४.९ करत तोच अलर्ट दहा वेळा येतो-जातो. प्रोमिथियस हे देखरेखीचं सॉफ्टवेअर वापरत असाल तर नियमात 'फॉर' घालता येतं, म्हणजे स्थिती ठरलेला वेळ टिकली तरच वाजतं.

गोदाकाठ · ११:१५

नांदेडहून. सर्व्हरची राखण करण्यात उमर गेली, म्हणून दोन शब्द.

आधी बाऊन्स-बाऊन्समध्ये फरक करा. पाचनं सुरू होणारा कोड म्हणजे कायमचा नकार, चारनं सुरू होणारा म्हणजे 'आत्ता नाही, थोड्या वेळानं या'. कितीतरी सर्व्हर अनोळखी पाठवणाऱ्याला पहिल्या खेपेला मुद्दाम ४५१ देऊन परत लावतात. खरा सर्व्हर थोड्या वेळानं पुन्हा येतो, स्पॅमवाला बहुधा येत नाही, एवढाच त्यामागचा हिशोब. तुमचा मेल दुसऱ्या खेपेला पोचतो. पण सॉफ्टवेअर पहिल्याच नकाराला बाऊन्स म्हणून मोजत असेल तर भावपत्रकाच्या दिवशी पहिली वीस मिनिटं बोंबच बोंब. चारवाले कोड सगळे प्रयत्न संपेपर्यंत अलर्टमध्ये धरूच नका.

आता ब्लॅकलिस्ट. तुमचा अलर्ट नक्की काय उत्तर वाचतो ते लॉगमध्ये बघून इथं टाका बरं.

जालन्याचा_मेलवाला · ११:५०

काका, हे सापडलं:

"झेन.स्पॅमहाउस.ऑर्ग → १२७.२५५.२५५.२५४ → लिस्टेड: होय"

रोज आठ-दहा वेळा असं आहे. त्यांच्या वेबसाइटवर आयपी टाकून बघितला तर स्वच्छ दाखवते.

गोदाकाठ · १२:०२

मला तेच वाटलं होतं. तुमचा आयपी यादीत नाहीच. खरी नोंद असेल तर उत्तर १२७.०.०.२ पासून पुढच्या आकड्यांत येतं. १२७.२५५.२५५.२५४ याचा अर्थ 'तुम्ही सार्वजनिक डीएनएसमधून (नावावरून पत्ता शोधून देणाऱ्या सगळ्यांसाठीच्या सेवेतून) विचारताय, आम्ही तिथून उत्तर देत नाही'. सर्व्हरच्या डीएनएसमध्ये ८.८.८.८ घातलेलं असणार. अलर्ट लिहिणाऱ्यानं 'काहीही उत्तर आलं म्हणजे लिस्टेड' असं धरलंय. शेवटी २५५ असेल तर फार जास्त वेळा विचारलं, २५२ असेल तर नाव टाइप करताना चुकलं. तिन्ही निरोप आहेत, नोंदी नव्हेत.

सर्व्हरवर स्वतःचा रिझॉल्व्हर (डीएनएसला विचारणारं सॉफ्टवेअर) बसवा, अनबाउंड चालतं, आणि १२७.२५५ ने सुरू होणारं उत्तर आलं की 'तपासणी बिघडली' असा वेगळा निरोप काढा. तोही सकाळी वाचायचा.

कुठल्या याद्या तपासता तेही बघा. सॉर्ब्स जून २०२४मध्येच बंद झाली, तरी कितीतरी टूल अजून तिलाच विचारत बसतात. यूसीईप्रोटेक्टची तिसरी पातळी सगळ्या नेटवर्कलाच यादीत टाकते. शेजाऱ्याच्या उद्योगांनी तुमचं नाव लागतं आणि तुम्हाला करण्यासारखं काहीही नसतं. ती काढून टाका.

वाळूजकर · १२:४५

आमचा माल कंपन्यांना जातो, सुटे भाग. ग्राहक सगळे वाळूज, शेंद्रा, पुण्याकडचे मोठे कारखाने. आमच्याकडे उलटं दुखणं: 'क्लिक असामान्य वाढले' आणि मागोमाग 'अनसबस्क्राइब असामान्य वाढले'. विक्रीवाले एकदम आनंदात आणि एकदम दुःखात, एकाच मिनिटात.

लॉग उघडला तर मेल पोचल्यावर दोन सेकंदांत त्यातल्या झाडून सगळ्या लिंक उघडलेल्या. वरपासून खालपर्यंत ओळीनं, तळाची 'यादीतून काढा' पण. माणूस असं वाचतो का? कंपन्यांच्या मेलवर जी सुरक्षा तपासणी बसवलेली असते ती लिंक आधी स्वतः उघडून बघते. एकाच कारखान्यात पन्नास जणांना मेल गेला की पन्नास पट क्लिक.

आम्ही मेलमध्ये डोळ्यांना न दिसणारी एक लिंक घातली. तिच्यावर ज्यानं क्लिक केलं तो माणूस नाही, त्याचे त्या मेलमधले सगळे क्लिक बाद. पोचल्यापासून पहिल्या काही सेकंदांतले क्लिकही बाद. अनसबस्क्राइबची लिंक नुसती उघडली म्हणून नाव काढायचं नाही, पानावर बटण दाबलं तरच. हेडरमधल्या एका क्लिकच्या सोयीचं २०१७चं जे मानक आहे, आरएफसी ८०५८, त्यातही नाव काढायला पोस्ट विनंतीच (बटण दाबल्यावर जाते तशी) लागते ती याचसाठी. तपासणारी यंत्रं लिंक नुसती उघडतात, पोस्ट पाठवत नाहीत.

जालन्याचा_मेलवाला · १:१०

आमचे डीलर बहुतेक जीमेलवाले, त्यामुळे क्लिकचा त्रास कमी आहे. ओपन रेटचा मात्र फार. मागच्या भावपत्रकाला 'ओपन रेट निम्म्यावर' असा अलर्ट आला. डीलरांना फोन लावले तर सगळे म्हणायलेत, मेल बघितला की! एकानं तर फोनवर भावच वाचून दाखवला.

लातूर_डेस्क · २:३०

लातूरच्या एका क्लासमध्ये पालकांच्या मेलचं काम करते. दादा, त्या भावपत्रकाची साइज किती होती? एचटीएमएलची, जोडलेल्या फाइलची नाही.

जालन्याचा_मेलवाला · २:४१

ताई, आत्ता बघितलं. १३१ केबी. वाणांचा मोठा तक्ता आहे, मराठीत.

लातूर_डेस्क · २:५८

तिथंच घोळ आहे. जीमेल साधारण १०२ केबीच्या पुढचा मेल कापतं आणि खाली 'पूर्ण मेसेज बघा' अशी लिंक देतं. ओपन मोजणारं ते एका ठिपक्याएवढं चित्र बहुतेक सॉफ्टवेअर अगदी तळाशी घालतात. मेल कापला की चित्रच जात नाही. डीलरनं वरचे भाव वाचले, तुमच्याकडे नोंद शून्य.

आणि आपल्याला हे लवकर भोवतं. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीतल्या प्रत्येक अक्षराला नि मात्रेला तीन-तीन. 'सोयाबीन' एवढ्यालाच सात चिन्हं, २१ बाइट. त्यात तक्त्याच्या प्रत्येक चौकटीत रंग, रेघ, फॉन्ट पुन्हा पुन्हा लिहिलेला असतो. स्टाइल एकदाच वर घाला, तक्ता वेबपेजवर नेऊन लिंक द्या, आणि मेल ९० केबीच्या वर गेला तर पाठवण्याआधीच अडवा. हा अलर्ट पाठवणाऱ्याच्या स्क्रीनवर यायला हवा, रात्री तुमच्या फोनवर नाही.

तसं माझं स्पष्ट मत आहे की ओपन रेटवर अलर्ट लावूच नये. सप्टेंबर २०२१मध्ये ॲपलनं आयओएस १५ सोबत मेलची प्रायव्हसी सोय आणली, तेव्हापासून ज्यांनी ती चालू ठेवलीय त्यांच्या ॲपल मेलमध्ये चित्रं आधीच उतरवली जातात. मेल न वाचताही 'ओपन' पडतो. एकीकडे न वाचलेलं वाचलेलं दिसतं, दुसरीकडे तुमच्यासारखं वाचलेलं न वाचलेलं दिसतं. अशा आकड्यावर कुणाची झोप का मोडायची?

हिंगोलीची_हळद · ३:२०

लातूरताईंशी निम्मी सहमत. अलर्ट नको, पण आकडा फेकू नका. ॲपलवाले बाजूला काढून उरलेल्यांची सोमवारची तुलना मागच्या चार सोमवारांच्या मेडियनशी (क्रमानं लावल्यावर मधल्या आकड्याशी) केली तर त्यातून काहीतरी कळतं. सरासरी घेऊ नका, एखाद्या सोमवारी दिवाळी आली की सरासरी वाकडी होते, मेडियन तशी हलत नाही.

मी संख्याशास्त्र शिकवते, त्यामुळे एक राहवत नाही. बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये 'स्मार्ट अलर्ट' असतो: सरासरीपासून तीन सिग्मा (सिग्मा म्हणजे नेहमीच्या चढउताराचं माप) दूर गेलं की वाजव. ऐकायला कडक वाटतं. आकडे अगदी आदर्श घंटेच्या आकाराचे धरले तरी तीन सिग्माबाहेर ०.२७ टक्के वेळा निव्वळ योगायोगानं जातंच. दिवसाला २८८ तपासण्या म्हणजे एका मापावर रोज साधारण पाऊण खोटा अलर्ट. मापं बारा असतील (बाऊन्स, ओपन, क्लिक, तक्रारी, मोहिमेगणिक वेगळे) तर रोजचे नऊ. खऱ्या आयुष्यातले आकडे आदर्श नसतात, म्हणजे नऊच्या वरच. तपासणी जितक्या वेळा कराल तितकी मर्यादा कडक हवी, नाहीतर तपासणीच कमी करा.

लातूर_डेस्क · ३:३४

चार सोमवारांचं आमच्याकडे चालत नाही ताई. नीटचा निकाल लागला की पालक एका तासात मेलवर तुटून पडतात, पुढचे तीन सोमवार सामसूम. सणासुदीच्या, निकालाच्या तारखा बाजूला ठेवल्याशिवाय तुलना करण्यात अर्थ नाही.

परभणी_पॅसेंजर · ४:०५

थट्टा बाजूला. सगळेजण अलर्ट कमी करायच्याच मागं लागलेत म्हणून उलटं सांगतो. आमच्याकडे अशीच छाटणी झाली होती. एकूण बाऊन्स ५ टक्क्यांच्या आत, हिरवा दिवा, सगळे समाधानी. त्याच दिवशी एका सरकारी डोमेनवरचे आमचे यच्चयावत मेल नाकारले जात होते. हजारांत तीस पत्ते. तीसपैकी तीस गेले तरी एकूणात ३ टक्केच भर. निविदेचे मेल होते ते. म्हणून ५००ची खिडकी ठीक, पण सोबत डोमेननिहाय पण बघा. एखाद्या डोमेनवर ओळीनं दहा मेल नाकारले तर वाजलाच पाहिजे, मग एकूण टक्का काही का असेना.

चिकलठाणा_कोडर · ४:१८

एकदम बरोबर, हे माझ्याकडून राहिलं होतं. २ टक्क्यांच्या हिशोबानं ओळीनं दहा बाऊन्स योगायोगानं येत नाहीत. खोटा वाजायची भीतीच नाही.

जालन्याचा_मेलवाला · चौथ्या दिवशी, सायं. ६:४०

मंडळी, बरंच काम झालं. वेबहुकवर ५००चा हिशोब चालू केला, चारवाले कोड वगळले, रिझॉल्व्हर बसवला, ब्लॅकलिस्टच्या याद्या दोनच ठेवल्या. ओपनचा अलर्ट काढला, तो आकडा सोमवारच्या अहवालात जातो. पॅसेंजरभाऊंचा डोमेनवाला नियम घातला आणि आज दुपारी तोच वाजला:

"जीमेल: सलग १० मेल नाकारले. कोड ५५० ५.७.२६ (ओळख पटली नाही). एकूण बाऊन्स अजून मर्यादेच्या आत. मोहीम 'रब्बी हरभरा' चालू आहे. थांबवायची असेल तर: /थांबव"

मोहीम थांबवली आणि डीएनएस बघितलं. वेबसाइट करणाऱ्यानं त्याच्या कॉन्टॅक्ट फॉर्मसाठी एसपीएफची (डोमेनच्या नावानं कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात त्याची) दुसरी नोंद घातलेली. एका डोमेनला एसपीएफच्या दोन नोंदी झाल्या की दोन्ही बाद होतात, हे त्याला ठाऊक नव्हतं. आणि डीकिम (मेलवरची डिजिटल सही) आमच्या बिलांवर होतं, मोहिमेच्या मेलवर चालूच केलेलं नव्हतं. दोन्ही नोंदी एक केल्या, डीकिम चालू केलं, तासाभरात मेल जायला लागले. जुन्या नियमात हे वाजलं असतं, पण म्यूट केलेल्या ग्रुपमध्ये.

आता दोन शंका. गुगलच्या पोस्टमास्टर टूल्सवर स्पॅमच्या तक्रारींचा आकडा ०.३ टक्क्यांच्या वर गेला की अलर्ट लावलाय, तो मधूनच 'डेटा शून्य' म्हणून वाजतो. आणि रोज पहाटे ५:३५ला 'आज एकही मेल गेला नाही' असा येतो. तेव्हा बिलं तर चालूच असतात.

गोदाकाठ · ७:०५

पहाटेचं सोपं आहे. सॉफ्टवेअरचा दिवस यूटीसीत (ग्रीनिचच्या वेळेत) मोजला जातो. तिकडं मध्यरात्र झाली की आपल्याकडं साडेपाच, गणती शून्यावर येते आणि पाच मिनिटांनी तपासणी ओरडते. 'आज' काढा, 'गेले २४ तास' घाला.

पोस्टमास्टरचं असं की त्या दिवशी जीमेलला फार मेल गेले नसतील तर गुगल आकडाच दाखवत नाही. डेटा नसणं आणि शून्य असणं तुमच्या कोडमध्ये वेगळं करा. आकडा येतोही उशिरा, एक-दोन दिवसांनी, त्यामुळं त्यावर रात्री वाजवण्यात हशील नाही. फेब्रुवारी २०२४पासून जीमेलचा नियम आहे की ०.३ला पोचायचंच नाही, शक्यतो ०.१च्या खाली राहायचं. तेव्हा ०.१ ओलांडलं की सकाळच्या अहवालात लाल करा. आणि तो आकडा इनबॉक्समध्ये पोचलेल्या मेलवर निघतो. सगळेच मेल आधीच स्पॅममध्ये पडत असतील तर तक्रार करणार कोण? तेव्हा तो फार छान दिसेल. आकडा छान आणि क्लिक मेलेले, असं एकत्र दिसलं की संशय घ्या.

अजून एक सांगून थांबतो. अलर्ट कमी केलेत, आता शांतता म्हणजे सगळं ठीक की अलर्टवालाच मेलाय, हे कसं कळणार? रोज सकाळी नऊला एक खोटा बाऊन्स मुद्दाम सोडा आणि 'तपासणी चालू आहे' एवढा एकच निरोप येऊ द्या. नऊ वाजता तो आला नाही तर हातातलं काम टाकून बघा.

जालन्याचा_मेलवाला · ७:२२

लावतो काका. लातूरताई, सणांच्या तारखा तुम्ही सॉफ्टवेअरमध्ये कशा भरता? पोळ्याला आमच्याकडं एकही डीलर मेल बघत नाही, आणि आमचा नियम मागच्या वर्षीच्या त्याच तारखेशी तुलना करतो.

लातूर_डेस्क · ८:१०

तारखेशी करूच नका. पोळा २०२४ला २ सप्टेंबरला होता, २०२५ला २२ ऑगस्टला. तारीख धरली तर दोन दिवस खोटे पडतात, सणाचा आणि मागच्या वर्षीच्या सणाचा. मी एका शीटमध्ये सणाचं नाव आणि त्या वर्षीची तारीख ठेवते, दर पाडव्याला पंचांग घेऊन वर्षभराचं भरून टाकते. त्या तारखा तुलनेतून वगळल्या जातात. शीटची रचना व्यनि करते, तुम्ही त्यात निकालांच्या जागी मृग आणि पेरणीचे आठवडे घाला.